स्थळाचा अर्धा गुण

बातमीत स्थळ नसेल तर ती बातमी नव्हे, असे मी सत्तावीस वर्षे मानत आलो. उपसंपादकाच्या टेबलावर आलेल्या मजकुरात पहिली नजर तिथेच जाते. गाव कोणते, वार कोणता, मग काय घडले. स्थळ नसलेला मजकूर मी वार्ताहराकडे परत पाठवत असे, पान छपाईला सोडायची वेळ झालेली असली तरी. या सवयीपायी एका मुलीची दहावीची परीक्षा हुकली. ते कसे घडले ते माझ्या माहितीप्रमाणे लिहीत आहे. नाव कुणाचेच देत नाही.

शनिवार पेठेतल्या महापालिकेच्या एका जुन्या शाळेत पटावरची मुले कमी होत गेली आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या. तिथे बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा वर्ग भरू लागला. शाळा मध्येच सुटलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बोर्डाच्या परीक्षेला बसता येते. फॉर्म पुष्कळ जण भरतात. शिकवायला मात्र कुणी नसते. हा वर्ग त्यांच्यासाठी होता. वेळ सकाळी अकरा ते तीन. फी नाही, गणवेश नाही. सोळा वर्षांची मुले होती तशी एकवीस वर्षांचीही होती, आणि एका बाकावर बसत.

वर्ग चालवणाऱ्या बाई महापालिकेच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांची माझी ओळख पोस्टकार्डांतून झाली. आमच्या वर्तमानपत्रातल्या चुका त्या महिन्यातून दोनदा तरी कळवत. कुठे धरणाचे नाव चुकलेले असे, कुठे मृताचे वय मथळ्यात एक आणि मजकुरात दुसरे. उत्तर देण्याचे काम माझ्याकडे असे. मी ठरलेले वाक्य लिहायचो : चूक मान्य, दुरुस्ती उद्याच्या अंकात. मी निवृत्त झाल्याचे त्यांना कुठून तरी कळले तेव्हा त्यांनी फोन केला. म्हणाल्या, रिकामे असाल तर मराठी शिकवायला या, इथल्या चुका मी एकटीने किती दुरुस्त करायच्या. त्या जूनमध्ये मी जाऊ लागलो.

हा वर्ग कुणासाठी सुरक्षित जागा वगैरे म्हणून काढलेला नव्हता. तसा शब्द मी तिथे कधी ऐकला नाही. तो तसा होत गेला, आणि माझ्या मते त्याला बाईंच्या तीन सवयी कारण होत्या.

पहिली सवय प्रवेशाची. शाळा का सोडली, हे त्या विचारत नसत. कोणता विषय अवघड जातो एवढेच विचारत. वर्गाच्या नोंदवहीत शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना होता. त्यात त्यांनी सगळ्यांसाठी एकच शब्द लिहिला होता : घरगुती. दुसरी सवय किल्लीची. वरच्या मजल्यावर एकच संडास होता आणि त्याच्या दारावर ‘शिक्षकांसाठी’ असे रंगवलेले होते. बाईंनी ती अक्षरे खरवडून काढली, आतून नवी कडी बसवली, बाहेरून कुलूप घातले आणि किल्ली वर्गाच्या दाराशी खिळ्याला लावली. ज्याला जायचे त्याने किल्ली घ्यायची, आल्यावर परत लावायची. मला ती साधी सोय वाटली. नंतर कळले की वर्गातल्या निदान दोघांची शाळा संडासापायीच सुटली होती. मुलांच्या बाजूला गेले तर मार, मुलींच्या बाजूला गेले तर तक्रार.

असे चार-पाच जण वर्गात होते. एकाला दुसऱ्याने आणले, दुसऱ्याने तिसऱ्याला. बाकीच्यांत भाजीच्या गाड्यावर बसणारी मुले होती, लवकर लग्न होऊन परत आलेली एक मुलगी होती, गॅरेजमधून ग्रीसच्या हातांनी येणारा एक जण होता. सगळ्यांनाच कुणी ना कुणी नको म्हटलेले होते, त्यामुळे कोण कसे आहे यावर फार वेळ जात नसे. टोमणे असत, पण ते बीजगणितावरून.

तिसरी सवय कपाटाची. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत बातमीलेखन असते. विषय ठरीव असतात : शाळेत वृक्षारोपण, ग्रंथप्रदर्शन, बक्षीस समारंभ. या मुलांना शाळाच नव्हती, तेव्हा समारंभही नव्हता. मी त्यांना सांगितले, काल तुमच्या बाबतीत जे घडले त्याची बातमी लिहा. मात्र ‘मी’ हा शब्द वापरायचा नाही. बातमीत मी नसतो.

मला फक्त सराव हवा होता. पण ‘मी’ काढून घेतल्यावर मुले लिहू लागली. खडकीहून येणारा एक मुलगा होता. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, राहणे कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. तो वर्गात तोंड उघडत नसे. त्याची पहिली बातमी अशी होती : ‘एका विद्यार्थ्याने काल वर्गात दोन बाटल्या पाणी प्यायले. आधीच्या शाळेत तो सकाळपासून पाणी पीत नसे, असे विश्वसनीय सूत्रांकडून समजते.’ मी ती मोठ्याने वाचली. कुणी हसले नाही. मग तो स्वतःच हसला आणि मग सगळे हसले.

बाईंनी या वह्या पाहिल्या आणि त्याच दिवशी नियम केला. बातमीची वही वेगळी, आणि ती घरी न्यायची नाही. तीन वाजता वह्या गोळा करायच्या, लोखंडी कपाटात ठेवायच्या, कपाटाला कुलूप. मला हे जरा जास्तच वाटले. परीक्षेच्या अभ्यासाची वही, ती घरी नको म्हणजे काय. मी तसे म्हणालोही. बाई म्हणाल्या, “तुमच्या पेपरात आलेलं सगळ्या गावाला वाचायचं असतं. इथलं फक्त तुम्हाला वाचायचंय. तेवढा फरक लक्षात ठेवा.”

जिच्याबद्दल लिहायचे ती मुलगी सोळा वर्षांची होती. यवतमाळकडचे कुटुंब, वडील धायरीतल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर, आई आयटीतल्या मुलांच्या दोन खोल्यांवर स्वयंपाकाला जायची. नववीत तिच्या दप्तरात एका मैत्रिणीला लिहिलेली चिठ्ठी सापडली. शाळेने आईला बोलावून सांगितले की हिच्यामुळे वर्गाचे वातावरण बिघडते, दाखला घेऊन जा. चिठ्ठीत काय होते ते सांगितले नाही. आईने त्याचा अर्थ एवढाच घेतला की पोरगी तासाला बडबड करते.

दहावी व्हावी हा आईचाच हट्ट होता. वडिलांचे म्हणणे होते की शाळेनेच नको म्हटले तर घरातली कामे शिकू दे. आईने त्यांच्याकडून एक वर्ष मागून घेतले होते. दहावी झाली तर पुढे शिकवायचे, नाही झाली तर वडील म्हणतील तसे. हे मुलीनेच मला सांगितले, जिन्यावर बसून डबा खाताना, अगदी सहज. त्यामुळे तिच्यासाठी ही परीक्षा काय होती ते मला पक्के माहीत होते. माहीत नव्हते, असे मला म्हणता येणार नाही.

ती मराठीत हुशार होती आणि गुणांच्या बाबतीत चिकट. अर्धा गुण गेला तरी वही घेऊन टेबलाशी उभी राहायची. सर, हा कशाचा कापला. सर, तुम्ही वाचताना हसलात, हसल्याचा अर्धा द्या. मी देत नसे. गुण न देण्याबद्दल वर्गात माझी ख्याती होती; खडकीचा मुलगा म्हणायचा, सरांच्या हातून पूर्ण गुण मिळाले तर ती पहिल्या पानाची बातमी होईल.

जानेवारीच्या अखेरीस, परीक्षेला काही आठवडे उरले असताना, एका गुरुवारी तिने ही बातमी लिहिली. ती मला पाठ आहे.

‘मैत्रिणीने हात सोडवला नाही. एका सोळा वर्षांच्या मुलीने काल सायंकाळी आपल्या मैत्रिणीला “तू मला आवडतेस” असे सांगितले. मैत्रिणीने लगेच काही उत्तर दिले नाही. मात्र तिने हात सोडवून घेतला नाही. त्यानंतर दोघी दिवे लागेपर्यंत तिथेच बसून होत्या. या घटनेत कोणीही जखमी झालेले नाही.’

शेवटचे वाक्य वाचून मी हसलो. आमच्या पेशातले इतके झिजलेले वाक्य इतक्या नेमक्या जागी बसलेले मी पाहिले नव्हते. मजकूर चांगला होता. एक शब्द जास्त नव्हता. मी पाचपैकी साडेचार गुण दिले.

तिने विचारले, “अर्धा कशाचा?”

“स्थळाचा. कुठे घडलं ते नाही. ‘तिथेच बसून होत्या’ म्हणजे कुठे?”

“स्थळ पाहिजेच का?”

मी सांगितले की परीक्षक कापणारच. मग सवयीने लाल पेन घेऊन पानाच्या सुरुवातीला गोल केला आणि समोर लिहिले : स्थळ? ‘सायंकाळी’ या शब्दाखाली रेघ मारली : नेमके किती वाजता? ‘तिथेच’ या शब्दाखाली दोन रेघा : नेमके कुठे? वाचकाला जागा दिसली पाहिजे. संबंध पानावर निळ्यापेक्षा लाल शाई जास्त झाली. चांगल्या मजकुरावरच मी जास्त शाई वापरतो, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होते. इथे ते कुणालाच माहीत असण्याचे कारण नव्हते.

तीन वाजत आले होते. तिला बस गाठायची होती. ती म्हणाली, दुरुस्त करून उद्या आणते, मग पाच द्यायचे. तिने कपाटाकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. बाई त्या दिवशी मुलांच्या फॉर्मच्या कामाला बाहेर गेल्या होत्या. मी म्हणालो, घेऊन जा, उद्या न विसरता आण.

शुक्रवारी ती आली नाही. शनिवारीही नाही. फोन बंद होता. मी हजेरीत दोन गैरहजर मांडले.

पुढचे मी पाहिलेले नाही. आईने सोमवारी येऊन सांगितले ते असे.

गुरुवारी घरी गेल्यावर मुलीने दुरुस्ती केली. सांगितले होते तशी. गाव घातले, वेळ घातली, पाण्याच्या टाकीसमोरच्या तीन मजली इमारतीची गच्ची घातली. वही टीव्हीच्या शेजारी ठेवली आणि शुक्रवारी सकाळी आंघोळीला गेली. आईच्या नजरेला उघडे पान पडले. आई चौथीपर्यंत शिकलेली. बसच्या पाट्या वाचता यायच्या, हाताचे अक्षर लागत नसे. तिला फक्त लाल शाई दिसली. इतकी लाल शाई म्हणजे पोरीचे काहीतरी फार चुकले, परीक्षा तोंडावर आली आणि पोरगी घरी सांगत नाही, असे तिने धरले. ती वही घेऊन खाली घरमालकिणीकडे गेली. घरमालकीण रोज वर्तमानपत्र वाचणारी. गावातले जुने शेतकरी घर, शेत होते तिथे आता त्यांचीच इमारत. आईने तिला म्हटले, सरांनी काय लिहिले आहे तेवढे वाचून दाखवा.

घरमालकिणीने ओट्यावर बसून वाचायला सुरुवात केली, वर्तमानपत्र वाचतात तशी, मोठ्याने. सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. मथळा वाचला, मग गावाचे नाव, मग टाकी, मग इमारत. तिथे ती थांबली. पुढचे तिने मनातल्या मनात वाचले. मग म्हणाली, “ही आमची गच्ची हाय.”

गच्चीच्या दाराला कुलूप असे. किल्ली घरमालकिणीच्या मुलीकडे असायची. ती अकरावीत. संध्याकाळी भाडेकरूंची पोर आणि ती अभ्यासाला वर जात, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होते आणि त्यात कुणाला काही वाटत नव्हते. स्थळ नसते तर ती बातमी कुठल्याही दोन मुलींची होती. स्थळ आल्यावर ती त्या दोघींची झाली.

सोमवारपर्यंत खोली रिकामी करायला सांगितले. घरमालकिणीच्या मुलीचे काय झाले ते आईला माहीत नव्हते. तिला मामाकडे नेले असे कुणीतरी म्हणत होते. वडिलांनी शुक्रवारी संध्याकाळीच गावी फोन केला. मुलीला आत्याकडे ठेवायचे ठरले.

आई सोमवारी साडेअकराला आली. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. बाईंनी मुलांना दुसऱ्या खोलीत बसवले आणि तिला खुर्ची दिली. ती खुर्चीवर टेकली नाही. आधी तिने वही टेबलावर ठेवली, मग माझ्याकडे पाहिले. मी कोण ते तिला सांगावे लागले नाही.

“सर, इतकी लाल शाई काहून लावली जी?” ती म्हणाली. “मले वाटलं पोरगी नापास होते.”

मी म्हणालो, नापास नव्हती. वर्गात सगळ्यात चांगलं तिनंच लिहिलं होतं.

“मग चूक काय होती?”

“चूक नव्हती. स्थळ राहिलं होतं.”

“मग राहू द्यायचं होतं,” ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नाही. त्यानंतर ती बाईंशी बोलत राहिली. मारले नाही, म्हणाली. तिच्या बापानेही नाही. घरात कुणी तिच्याशी बोलत नाही, एवढेच. ती जेवते, भांडी घासते, बसून राहते. शुक्रवारपासून तिने एकदाच विचारले, आई, हॉलतिकीट कधी मिळणार. वहीत लिहिलेले खरे आहे का, असे आईने तिला विचारले होते. तिने हो म्हटले. आई म्हणाली, खोटे बोलली असती तरी चालले असते मला.

बाईंनी तिला सांगितले की मुलीला परीक्षा होईपर्यंत माझ्या घरी ठेवा. मी एकटी असते, खोली आहे, पेपरला मी स्वतः नेईन.  आईला ते हवे होते, हे दिसत होते. पण म्हणाली की पोरीचे वडील ऐकायचे नाहीत, उद्या सकाळची गाडी आहे, सामान टेम्पोत चढले आहे. बाईंनी वडिलांना फोन लावून द्यायला सांगितला. तिने लावला. पलीकडून बाईंची दोन-तीन वाक्ये ऐकून घेतली गेली आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तेव्हा लागला नाही.

जाताना आईने विचारले की आता पेपर बुडाले तर पुन्हा बसता येते ना. बाई म्हणाल्या, येते. जुलैत पुन्हा परीक्षा असते, मी फॉर्म भरून ठेवते, तुम्ही फक्त तिला आणा. आईने मान हलवली. वही घेऊन जायची का, असे बाईंनी विचारले. ती म्हणाली, इथेच ठेवा, तिकडे नको. जिना उतरताना तिने दाराशी लटकलेली किल्ली पाहिली आणि ती कशाची ते विचारले. बाईंनी सांगितले. तिने पुन्हा मान हलवली आणि गेली.

बाईंनी वही कपाटात ठेवली, कुलूप लावले, ओढून पाहिले. मी काही म्हणण्याची त्या वाट पाहत असाव्यात. मी म्हणालो, चूक माझी.

“मान्य करायचं वाक्य तुम्हाला येतंच,” बाई म्हणाल्या. “दुरुस्ती कुठल्या अंकात करताय?”

बारा वाजता माझा तास होता. मी तो घेतला. सारांशलेखन होते.

मुलांना काय झाले ते दोन दिवसांत कळले. मला कुणी काही बोलले नाही. वह्या रोज कपाटातून निघत आणि रोज परत जात, पण त्यांतल्या बातम्या बदलल्या. स्वच्छता मोहीम. ग्रंथप्रदर्शन. वृक्षारोपण. ज्यांच्या शाळेत कधी झाड लागले नव्हते ती मुले पाहुण्यांच्या हस्ते रोपे लावू लागली. स्थळ, वार, वेळ सगळे जागच्या जागी असे आणि मला पूर्ण गुण द्यावे लागत. खडकीच्या मुलाने एकदा वही पुढे करून विचारले, सर, इथे खडकीच लिहू का दुसरं कुठलं तरी गाव लिहू. मी सांगितले, दुसरे लिही. यापुढे सगळ्यांनी दुसरेच लिहायचे. खोटे स्थळ घालायला मी आयुष्यात पहिल्यांदा सांगत होतो. त्याने जवळच्या कुठल्या तरी खेड्याचे नाव घातले आणि तिथे ग्रंथप्रदर्शन भरवले. दोन बाटल्या पाण्यासारखे त्याने नंतर काही लिहिले नाही.

हॉलतिकिटे फेब्रुवारीत आली. बाईंनी ती वर्गात वाटली. एक उरले. त्यावरच्या फोटोत तिने केस मागे घट्ट बांधलेले आहेत आणि ती हसू दाबते आहे. फोटो काढताना बाकीची पोरे कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून तोंडे करत होती, ते मला आठवते. बाईंनी आईच्या नंबरवर तीनदा फोन केला. दोनदा वाजत राहिला. तिसऱ्यांदा वडिलांनी उचलला आणि चुकीचा नंबर म्हणाले. गावाचा पत्ता आमच्याकडे नव्हता. बाईंनी नोंदवहीत फक्त पुण्यातला पत्ता घेतला होता. जास्त माहिती मागायची नाही, हीच त्यांची पद्धत होती.

पहिला पेपर मराठीचा. मी परीक्षाकेंद्रावर गेलो. फाटकाबाहेर फळ्यावर बैठक क्रमांक लावलेले होते, कुठला क्रमांक कुठल्या खोलीत ते. तिचा क्रमांक त्यात होता. येणार नाही हे बोर्डाला कळवलेले नसते, त्यामुळे बाक राखून ठेवलेला असतो. त्यावर क्रमांकाचा कागद चिकटवलेला असतो आणि पहिल्या अर्ध्या तासानंतर पर्यवेक्षक त्यावर गैरहजर अशी नोंद करतो. मी अर्धा तास फाटकाशी थांबलो. आमची मुले आत गेली होती. मग एक तास थांबलो. उशीर झालेला एक मुलगा धावत आला होता, त्याला आत घेतले. त्यानंतर कुणी आले नाही.

पेपर सुटल्यावर लग्न होऊन परत आलेली मुलगी माझ्याजवळ आली. तिच्या फोनवर अनोळखी नंबरवरून निरोप आले होते. तिने फोन माझ्या हातात दिला. पहिला निरोप असा होता : ‘पेपर कसा गेला? बातमी आली होती का?’ तिने उत्तर लिहिले होते की आली होती. त्यावर लगेच विचारले होते की विषय काय होता. तिने लिहिले होते, शाळेत वृक्षारोपण. तू कुठे आहेस, असेही तिने विचारले होते. त्याचे उत्तर नव्हते.

जुलैच्या परीक्षेचा फॉर्म बाईंनी भरून ठेवला होता. ती आली नाही. पुढच्या मार्चचाही भरला. वर्ग अजून चालतो. किल्ली खिळ्याला असते, वह्या कपाटात असतात. मी मराठी शिकवतो, हिरव्या पेनने तपासतो. शाईचा रंग बदलून काही होत नाही, हे मला माहीत आहे.

वर जे गाव लिहिले आहे ते खरे नाही. टाकी आणि इमारतीचे मजलेही बदलले आहेत. मुलीच्या मूळ जिल्ह्याचेही तसेच. वही कपाटात आहे. त्या पानावर तिने माझ्या सगळ्या लाल प्रश्नांची उत्तरे एकेक करून, सुवाच्य अक्षरात लिहिली आहेत. त्या दुरुस्त बातमीला गुण द्यायचे राहिले आहेत.

फोनवरचा शेवटचा निरोप मी तेव्हाच लिहून घेतला होता. वृक्षारोपणाचा विषय कळल्यावर तिने लिहिले होते : ‘सोपा होता.’ त्याच संध्याकाळी बाईंनी त्या नंबरवर फोन केला. तो बंद होता.